पदवीनंतर गावात काम: विदर्भात सुरुवात कुठून, कशी?

वैनगंगाकाठ
निकाल लागले की दरवर्षी हाच प्रश्न इथे वेगवेगळ्या तोंडून येतो. शिक्षण झालं, गावपातळीवर काम करायचंय, कुठे जाऊ? उत्तरं सतरा ठिकाणी विखुरलेली आहेत, म्हणून हा एक धागा. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी नेमकं लिहावं. "तळमळ हवी" हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून बाकीचं लिहा.

माझ्या मते "कोणती संस्था" हा प्रश्न नंतरचा. त्याआधी विचारायचं ते हे, की खरिपाच्या पेरणीपासून पुढचा उन्हाळा संपेपर्यंत एका ठिकाणी राहणं जमेल का. धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. पऱ्हे (भाताची रोपं) उपटून बांधीत लावेपर्यंत बाया-माणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात, रात्री आठच्या बैठकीला कोण येणार? दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणा (मळणी). मार्च-एप्रिलला मोहफूल, तेव्हा घरं पहाटेच रिकामी. त्यामागून तेंदू (विडीचं पान). पश्चिमेकडे गेलात तर दसरा-दिवाळीपासून कापसाचा वेचा, आणि तो संपला की कामासाठी बाहेर जाणं सुरू. तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला यातला एकच तुकडा दिसतो. जुलैत आलेला "गाव उदासीन आहे" असा अहवाल लिहून जातो, फेब्रुवारीत आलेल्याला तेच गाव अतिशय उत्साही वाटतं. दोघांचंही निदान चुकलेलं असतं.

कोरडवाहू
सहमत. त्यात आणखी एक. "विदर्भात काम करायचंय" असं म्हणू नका, तालुका सांगा. केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडे कोलामांचे पोड आहेत, मूळ गावापासून लांब, दहा-वीस घरांचे. धारणी-चिखलदऱ्यात कोरकू. भामरागड-एटापल्लीत माडिया, कोरची-कुरखेड्याकडे गोंडी आणि छत्तीसगढी दोन्ही कानावर पडतात, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली कुटुंबांच्या वसाहती. दिग्रस-पुसदकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत, तिथे गोरबोली. यांतल्या बऱ्याच ठिकाणी मराठी ही शाळेची आणि तहसीलची भाषा आहे, घरची नाही. बैठकीत मराठीत विचारलं की पुढे बसलेले चार पुरुष उत्तर देतात आणि बाया गप्प राहतात. त्याला "महिला सहभाग कमी" म्हणून मोकळे होऊ नका. जो तालुका निवडाल तिथली भाषा पहिल्या दिवसापासून शिकायला घ्या, निदान नाती, पिकं, आजार आणि मोजमापाचे शब्द.

कोलाम आणि माडिया गोंड हे केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिम जमाती आहेत (महाराष्ट्रात तिसरे कातकरी). त्यांच्यासाठीच्या योजना वेगळ्या येतात, पण पोड ग्रामपंचायतीच्या मूळ गावापासून दूर असल्यामुळे ग्रामसभेची दवंडी तिथवर पोचतच नाही. या पट्ट्यात काम करणाऱ्याने पोडाची वेगळी यादी हातात ठेवावी.

नवीवाट
नमस्कार. बी.ए. (समाजशास्त्र) यंदा झालं. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केल्याशिवाय या क्षेत्रात घेतच नाहीत असं ऐकलं. दोन वर्षं त्यात घालावीत का? वनहक्काच्या कामात फार रस आहे.

मोहफूल
ताई, दोन्ही बाजू सांगते.

शासकीय अभियानांच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातीत एमएसडब्ल्यू, ग्रामीण विकास, कृषी किंवा व्यवस्थापन अशी पदव्युत्तर अट पुष्कळदा असते. तिथे कागद लागतोच. संस्थांमध्ये तेवढं अडत नाही. अभ्यासक्रमाचा खरा लाभ क्षेत्रकार्याचा. बहुतेक ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, त्याचा लेखी अहवाल, शेवटी एक सलग प्रत्यक्ष काम. नागपुरात मातृसेवा संघाचं आणि तिरपुडे महाविद्यालय ही जुनी ठिकाणं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र विदर्भाबाहेर असलं तरी ग्रामीण कामासाठी इकडची पुष्कळ मुलं तिथे जातात.

घोळ होतो तो क्षेत्रकार्याच्या जागेचा. कॉलेज शहरात, म्हणून नेमणूकही जवळचीच मिळते: दवाखाना, समुपदेशन केंद्र, झोपडपट्टी. दोन वर्षं संपतात आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग (कार्यवृत्ताची वही) एकदाही हातात आलेलं नसतं. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच सत्रात पर्यवेक्षकांना लेखी विनंती द्या, की शेवटच्या सत्राचं सलग काम अमुक तालुक्यात, अमुक संस्थेत हवं. त्या संस्थेचं संमतीपत्र सोबत जोडा. ऐनवेळी मागितलं तर मिळत नाही.

कृषी शाखेच्या मुलांना हे आयतं आहे. सातव्या सत्रात 'रावे', म्हणजे ग्रामीण कार्यानुभव असतोच. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मुलं त्यासाठी गावोगावी जातात. प्रात्यक्षिकांचे फोटो काढून फाइल भरण्याऐवजी त्या काळात एका गावाची पीकनिहाय खर्च-उत्पन्नाची वही नीट केली, तर कुठलीही संस्था ती वही पाहूनच उभं करते.

रोकडवही
मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. समाजकार्याचे पदवीधर मिळतात. मिळत नाही तो हिशेब येणारा माणूस. बी.कॉम. झालेली मुलं स्वतःला या कामातली समजतच नाहीत, आणि ग्रामसभांना आज सगळ्यात जास्त गरज त्यांचीच आहे.

गडचिरोलीत सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा मिळून हक्क) मिळालेल्या किंवा पेसाखालच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. पेसा गावांना तेंदूसाठी दोन पर्याय असतात. पर्याय एकमध्ये विक्री वनविभाग करून देतो, पर्याय दोनमध्ये ग्रामसभा स्वतः लिलाव करते. पर्याय दोन घेतला की जाहिरात, निविदा, करारनामा, आगाऊ रक्कम, मजुरीवाटप, पॅन, बँक खातं, लेखापरीक्षण, सगळं गावाच्या अंगावर येतं. रक्कम लाखांत जाते आणि रोकडवही लिहिणारा दहावी झालेला एक मुलगा असतो, तोही हंगामापुरता.

हिशेब असा चालतो. ७० पानांचा एक पुडा. मजुरी शेकड्यावर, म्हणजे १०० पुड्यांवर. १००० पुड्यांची एक मानक गोणी, आणि कंत्राटदाराचा भाव गोणीवर. फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) रोज संध्याकाळी पुडे मोजून घेतात आणि कुटुंबाच्या कार्डावर आकडा पडतो. चुका नेमक्या इथे होतात. एक, कार्डावरचा आकडा आणि फळीच्या वहीतला आकडा रोजच्या रोज ताडून पाहिला जात नाही, महिनाभराने फरक निघतो तेव्हा कुणालाच काही आठवत नाही. दोन, खराब पुड्यांच्या नावाखाली शेकड्यामागे जादा पुडे घेतले जातात आणि करारनाम्यात त्याबद्दल अवाक्षर नसतं. तीन, माल गोदामातून उचलण्याआधी किती टक्के रक्कम भरायची हे करारात नसेल, तर माल जातो आणि पैसे अडकतात. पैसे अडकलेल्या गावाचा स्वतः विकण्यावरचाच विश्वास उडतो, पुढच्या वर्षी ते मुकाट पर्याय एकवर येतं. एका वाक्याची ही किंमत आहे.

म्हणून वाणिज्य शाखेच्या मुलांनी तीन गोष्टी पक्क्या करून यावं: दुहेरी नोंद, बँक ताळमेळ आणि टीडीएसची मूलभूत माहिती. एप्रिलच्या सुरुवातीला फळीवर या. जूनपर्यंत गाव तुम्हाला आपलं मानायला लागतं, कारण तुम्ही त्यांच्या पैशाची वही नीट ठेवलेली असते.

मोहफूल
रोकडवहीभाऊंचं म्हणणं अगदी खरं. कोरचीच्या महाग्रामसभेसारख्या (अनेक ग्रामसभांनी मिळून केलेल्या) रचना उभ्या राहिल्या त्याच मुळी एकेकट्या गावाला हे झेपत नाही म्हणून.

नवीवाटताई, वनहक्काबद्दल विचारलंत. त्यात शिरायचं तर एक पूर्ण फाइल स्वतः तयार करता आली पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा वाट काढणारं कुणी पुढे नव्हतं. आज वाट आहे, पण फाइल कच्ची गेली तर ती उपविभागीय समितीत वर्षानुवर्षं पडून राहते.

वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्कांना नमुना ब, आणि जंगलाचं रक्षण-व्यवस्थापन गावाकडे घेण्यासाठी नमुना क. हा तिसरा २०१२ च्या दुरुस्तीत आला. बरीच मंडळी फक्त ब भरून थांबतात. मग मोह-तेंदू गोळा करण्याचा हक्क मिळतो, जंगल सांभाळण्याचा अधिकार मात्र कागदावर स्पष्ट येत नाही. ब आणि क दोन्ही भरा.

ग्रामसभा टोला-पाड्याची घ्या, गटग्रामपंचायतीची नको. वनहक्कासाठीच्या ग्रामसभेला निम्म्या प्रौढांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. साध्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे (मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी ते), या दोन्हींत गल्लत झाली की दावा तिथेच लंगडा पडतो. सह्यांच्या पानावर स्त्री-पुरुष वेगवेगळे रकाने करा, बेरीज खाली लिहा.

पुरावे किमान दोन. पूर्व विदर्भ जुन्या मध्य प्रांतातला असल्यामुळे निस्तार पत्रक (गावाच्या जंगल-वापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद) मिळतं, हा इथला मोठा आधार. तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या. सोबत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि सीमेवरच्या देवस्थानांची, नाल्यांची, जुन्या दहनभूमीची नोंद. नकाशा मोबाइलवर काढता येतो, पण सीमा चालताना शेजारच्या गावाची माणसं सोबत घ्या आणि त्यांच्या सह्या तिथेच घ्या. शेजारच्या गावाला न विचारता आखलेली सीमा हे भांडणाचं पहिलं कारण.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्थळ पडताळणीला वन आणि महसूल खात्याला लेखी बोलावणं द्या आणि पोच घ्या. ते आले नाहीत आणि नंतर "आम्ही गैरहजर होतो" म्हणून हरकत घेतली, तर नियमाप्रमाणे पडताळणी पुन्हा होते. त्याही वेळी आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणजे तुमच्या हातात काय हवं? दोन्ही वेळच्या पत्रांची शिक्का मारलेली पोच. ती पिवळी पडलेली, कोपरा फाटलेली एक प्रत फाइल वाचवते. दोन फोटोप्रती काढून एक गावात ठेवा, एक तुमच्याकडे.

मेळघाटवाट
आरोग्य-पोषणाकडे वळणाऱ्यांसाठी लिहितो. वैद्यकीय पदवी नसली तरी या कामात करण्यासारखं खूप आहे, पण हात तयार हवा.

दंडघेर मोजणं घ्या. सहा महिने ते पाच वर्षांचं बाळ, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पट्टी झबल्यावरून लावली जाते, मधोमधचा बिंदू अंदाजाने धरला जातो, रडणाऱ्या बाळाचा हात आखडलेला असतो, आणि पट्टी आवळली की धडधाकट मूल पट्टीवरच्या लाल (तीव्र कुपोषणाच्या) रंगात जातं, सैल सोडली की आजारी मूल सुटतं. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडे जुळतात का पाहा. नाही जुळले तर तिसऱ्यांदा मोजा. आणि दंडघेर कितीही आला तरी दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर ते मूल तीव्र कुपोषितच आहे, त्याला दवाखान्यात न्यायचं.

पुढचा अडथळा पट्टीचा नसतो. पोषण पुनर्वसन केंद्रात आईला चौदा दिवस राहायचं असतं. घरी आणखी दोन मुलं, मजुरी बुडते, नवरा कामासाठी बाहेरगावी. ती "नाही" म्हणते तेव्हा तिला समजावत बसू नका, मागे घर कोण पाहील याची सोय लावा. ती होत नसेल तर अंगणवाडीतलं ग्राम बाल विकास केंद्र सुरू करायला लावा. भुमकाकडे (गावातल्या पारंपरिक वैदूकडे) जाऊन आली असेल तर रागावू नका. भुमकाशी आधीपासून ओळख ठेवली तर तोच मूल पुढे दवाखान्यात पाठवतो.

नवीवाट
खूप आभार सगळ्यांचे. दोन व्यवहाराचे प्रश्न. पगाराचं काय? शैक्षणिक कर्ज आहे. आणि मुलगी म्हणून एकटं राहण्याबद्दल घरी काळजी आहे.

कोरडवाहू
ताई, हे प्रश्न विचारायला संकोचू नका. विचारलेलंच बरं.

कर्जाचा हप्ता बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, मंजुरीपत्र काढून पाहा. त्या एका वर्षात गाव शिकून घ्यायचं असं गणित बसवता येतं. संस्थेला चार गोष्टी लेखी विचारा: मानधन किती, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, अपघात-आरोग्य विमा आहे का, आणि हा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा बहुधा आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन चालणाऱ्या तालुक्याच्या छोट्या संस्थांना हे फार लागलं. त्यामुळे "मार्चनंतर काय?" असं विचारणं उद्धटपणा नाही.

पेट्रोल मानधनातच धरलेलं असेल तर महिन्याचे किलोमीटर काढून पाहा. पोड-पाड्यांच्या कामात दुचाकीचा खर्च खोलीभाड्याच्या वर जातो. मुक्कामी एसटी असलेलं गाव निवडलं तर बराच खर्च वाचतो: संध्याकाळी येते, पहाटे तालुक्याला जाते.

मोहफूल
राहण्याचं मी सांगते. पहिले सहा महिने स्वतंत्र खोली नको. आशाताई, अंगणवाडीताई किंवा गटातल्या एखाद्या बाईच्या घरी पैसे देऊन राहा. संडास आणि न्हाणी आहे का ते आधी जाऊन पाहा, पाहायला लाजू नका. संस्थेत लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे रुजू होण्याआधी विचारा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ती कायद्याने लागतेच.

पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री झोपलेल्या माणसालाच चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि लोक अपचन समजून वेळ घालवतात. खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. गडचिरोलीत हिवतापासाठीही तीच कामाची. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, आशाकडे तपासणीचा किट असतो.

वैनगंगाकाठ
आता कुठे जायचं ते. तरुणांसाठी 'सर्च' या गडचिरोलीतल्या संस्थेचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून चालू आहे, शिबिरं आणि पुढे 'कर के देखो' फेलोशिप. आपल्याला हे काम जमेल का, याची शंका असेल त्यांनी आधी तिकडे पाहावं. 'उमेद'मध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) प्रभाग समन्वयकाच्या जागा निघतात, बचतगट ते ग्रामसंघ ते प्रभागसंघ ही साखळी आतून कळते, पण ऑनलाइन नोंदींचा ताण मोठा. मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये प्रशासन जवळून दिसतं, गाव थोडं लांबून. भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावांचं काम आहे, त्याकडे मुलं फार कमी वळतात. तलावातला गाळ यंत्राने उपसला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. सरसकट खोल केलेल्या तलावात उथळ काठच उरत नाही, पाणवनस्पती जातात, देशी मासा जातो आणि ढिवरांची मासेमारी बसते. बेशरम हे तण मुळासकट काढणं, काठचा उतार राखणं, पावसाळ्यात पाणवनस्पती लावणं हे ढिवर समाजाच्या जाणत्या बाया-पुरुषांबरोबर बसून शिकायचं काम. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना याहून चांगली जागा विदर्भात मला दिसत नाही. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहून या. उजाड जमिनीवर सामूहिक हक्क घेऊन गावाने काय उभं केलं ते तिथे प्रत्यक्ष दिसतं.

नवीवाट
मित्रमैत्रिणी मिळून स्वतःची संस्थाच काढावी असं चाललंय. सात जण आहोत.

रोकडवही
सात जणांत सोसायटी नोंदवता येते हे बरोबर, १८६० च्या कायद्याखाली तेवढेच किमान लागतात. पण नोंदणी ही सर्वांत सोपी पायरी आहे. नंतर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षी लेखापरीक्षण, कार्यकारिणीत एकही नाव बदललं की ९० दिवसांत बदल अहवाल, १२-अ आणि ८०-जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या, आणि कंपन्यांचा निधी हवा तर सीएसआर-१. दोघांचं लग्न होतं, एकाला नोकरी लागते, बदल अहवाल राहून जातो, आणि पुढे बँक खात्याच्या सह्या अडकतात. माझा आग्रह आहे, आत्ता काढू नका. ग्रामसभा आणि ग्रामसंघ या कायद्याने उभ्या असलेल्या संस्था गावात आहेतच, त्यांच्यासाठी काम करा. तीन वर्षांनंतर सातांतले किती तालुक्यात टिकलेत ते पाहून ठरवा.

नवीवाट
पटलं. शेवटचं विचारते. समजा ऑगस्टमध्ये एखाद्या गावात पोचले, पहिल्या महिन्यात नेमकं करायचं काय? सर्वेक्षण?

वैनगंगाकाठ
सर्वेक्षण नको. प्रश्नावली घेऊन दारात उभं राहिलं की लोकांना घरकुलाची यादी आली असं वाटतं आणि उत्तरं त्या बेताने येतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मागे बसा, बोलू नका. नंतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) वेळ विचारून प्रोसिडिंग वाचायला मागा. लेखी नकार आला तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये, ३० दिवस. पण पहिल्याच महिन्यात तो वापरू नका, तोंडी मागून मिळतं का ते पाहा.

प्रोसिडिंगमध्ये काय पाहायचं: वर तारीख आणि अध्यक्षाचं नाव, मग सह्या, मग विषय, ठराव, सूचक, अनुमोदक. बऱ्याच ठिकाणी सह्या कोऱ्या पानावर आधी होतात आणि ठराव नंतर लिहिले जातात. शाई वेगळी दिसते, शेवटच्या ठरावाची अक्षरं सहीला चुकवत बारीक होत गेलेली असतात, नाहीतर खाली अर्धं पान मोकळं सोडलेलं असतं. कुणावर आरोप करायचा नाही. पुढच्या सभेआधी चार-पाच बायांना आणि दोन तरुणांना एवढंच सुचवायचं, की ठराव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायला सांगा आणि पानाचा फोटो काढून ठेवा. मग नमुना ८ (घरपट्टीच्या आकारणीची यादी) घ्या. त्यात कुणाची घरं नोंदलेली आहेत आणि कुणाची नाहीत हे गावात फिरून ताडा. नोंद नसलेली घरं बहुधा एकाच टोकाला सापडतात. पहिला महिना तिथे घालवा.